आईची न भागणारी तहान

मी एक जुना स्टीलचा जग आहे. बुडाला पोचा आलाय, झाकण कधीच हरवलंय. पण मित्रांनो, अजून थेंबभर गळत नाही हं! आई घरी शिवणकाम करते. तिच्या मशीनशेजारच्या स्टुलावर माझं आयुष्य गेलं. सकाळी भरलं की मी संध्याकाळपर्यंत पुरायचो.

मग काय बिनसलं कोण जाणे, मी दुपारच्या आतच रिकामा होऊ लागलो. आई घटाघटा पाणी प्यायची, लघवीला उठायची, पुन्हा प्यायची. बाबा चेष्टेनं तिला मासोळी म्हणायचे. लेकीनं तिची साखर तपासून आणली. ती बरोबर निघाली आणि सगळे निर्धास्त झाले.

मी मात्र धास्तावलो. कडेला ठेवलेली कात्री आईला दिसत नव्हती. तिचा कोपर लागून एकदा मीच खाली आपटलो. पूर्वी तिला स्तनाचा कॅन्सर झाला होता; ते उपचार तिनं सोसले होते. शिवाय मेंदूच्या बुडाशी पिट्यूटरी नावाची वाटाण्याएवढी ग्रंथी असते, तिच्यात एक निरुपद्रवी गाठ वर्षानुवर्षं गप्प बसून होती. आता पुन्हा दवाखाना नको, म्हणून आई चोरून पाणी प्यायची आणि लेक यायच्या आत मला भरून ठेवायची. माझा जीव नुसता तुटायचा.

एके दुपारी लेक अवचित आली, तेव्हा आई पेल्याऐवजी गिऱ्हाइकाच्या कापडावर पाणी ओतत होती. लेकीनं तिचा हात धरला.

"कडेचं काही दिसत नाही गं," आई म्हणाली. "आणि तहान भागतच नाही. मी घाबरले होते."

लेकीनं तिला दवाखान्यात नेलं. जुनी गाठच वाढून डोळ्यांच्या नसेवर दाबत असेल, असं सगळे म्हणाले. पण तहानेचं ऐकून डॉक्टरीणबाई गंभीर झाल्या. तशा गाठीनं अशी तहान सहसा लागत नाही, म्हणाल्या. नाकावाटे त्या गाठीचं ऑपरेशन झालं. घरी मी धूळ खात, जीव मुठीत धरून बसलो होतो. मग लेकीनं येऊन बाबांना सांगितलं, की त्या जुन्या गाठीतच स्तनाच्या कॅन्सरनं बिऱ्हाड केलं होतं.

"आणि मी तिला मासोळी म्हणत होतो," बाबा एवढंच म्हणाले.

आईची नजर बरीच सुधारली. औषधानं तहान आटोक्यात आली. पुढचे उपचार चालू आहेत. खात्री कुणीच देत नाही.

मित्रांनो, घरातल्या माणसाची तहान हसण्यावारी नेऊ नका. आणि आपलं दुखणं झाकून ठेवू नका. आज सकाळी आईनं मशीन थांबवून लेकीला हाक मारली.

"कालपासून पाठ दुखतेय," ती म्हणाली. "लपवत नाहीये."

लेकीनं दवाखान्याची फाइल उचलली आणि पायात चपला सरकवल्या.