डाव्या मागच्या चाकावरची पिवळी रेघ

मित्रांनो, मी एक जुनी शर्यतीची गाडी आहे. डेल्फिना गेल्याचं भोंग्यावरून सांगितलं, तेव्हा मी वळणाखाली उलटी पडून जळत होते. तिचा नवरा नासारेनो हातात घड्याळ धरून आमची वाट पाहत होता.

आमची टीम तिघांचीच. रफाएला गावच्या शेडमध्ये नासारेनोने पाइप जोडून माझा सांगाडा केला. त्याचा मेव्हणा आन्सेल्मो याने पत्रा ठोकून अंग मढवलं. चालवायची डेल्फिना. पहिल्याच शर्यतीत एका मोठ्या गाडीने मला भिंतीला घासत नेलं. दार फाटलं, डेल्फिनाची दोन बोटं मोडली. दुसऱ्या वर्षी पेट्रोलची नळी फुटून मी पेटले. तिसऱ्या वर्षी उडालेल्या दगडाने तिची भुवई फोडली. रक्त पुसत पुसत ती जिंकली. लोकांनी मला हार घातले.

माझ्या प्रत्येक चाकाला मधोमध एकच मोठा नट. तो आवळून झाला की त्यावर पिवळी रेघ ओढायची, ही आमची रीत. रेघ दिसली की पुन्हा कोणी हात लावत नसे. दुसरी रीत येर्बाच्या कडू चहाची. वाळक्या भोपळ्याच्या एकाच पेल्यातून सगळ्यांनी प्यायचा. समोर आला की हातातलं काम ठेवायचं, नाहीतर देणाऱ्याचा अपमान.

त्या सकाळी नासारेनो डावं मागचं चाक आवळत होता. आन्सेल्मोने चहाचा भोपळा पुढे केला.

"दाजी, घ्या. गार होतोय."

"थांब रे, अर्धा फेरा राहिलाय."

"अर्ध्या फेऱ्यासाठी सासुरवाडीचा चहा नाकारता?"

डेल्फिना हेल्मेट घालता घालता हसली. "पी रे जाड्या! नाहीतर हा आठवडाभर तोंड फुगवेल."

नासारेनोने पाना खाली ठेवला. चहा प्यायला, भोपळा परत दिला. मग त्याचा हात ब्रशकडे गेला. त्याने रेघ ओढली.

अकराव्या फेरीला ते चाक निघालं आणि माझ्यापुढे पळत गेलं. मी तीन कोलांट्या खाल्ल्या. लोखंडी कठडा माझ्या नाकातून घुसला तो तिच्या छातीपर्यंत आला. मग आग.

सगळे म्हणाले, रस्त्यावर तेल होतं. आठ दिवसांनी आन्सेल्मोला गवतात नट सापडला. आटे शाबूत होते, म्हणजे तो तुटला नव्हता, फिरत फिरत सुटला होता. वर पिवळा रंग होता.

"दाजी..." एवढंच तो म्हणाला.

नासारेनोने माझा सांगाडा सरळ केला, रंग दिला, चाकं बसवली. तो नट मात्र त्याने नुसता हाताने फिरवून लावला.

मित्रांनो, हातात पाना असेल तर आधी काम पुरं करा. रुसलेल्या माणसाची समजूत काढता येते.

नासारेनो रोज पाना घेऊन माझ्याजवळ वाकतो आणि तसाच परत जातो. तो अर्धा फेरा अजून राहिला आहे.