जुन्या वालाची माती

“मावशी, या रेतीत काळी माती कुठून आली?”

संघमित्राने वालाचं एक रोप उपटून बादलीत बुचकळलं होतं. मुळांवर गुलाबी गाठी, आणि गाठींना चिकटलेली काळी माती. पावणे गावातल्या त्या प्रयोगशाळेच्या काचघरात कुंडीतली रेतीसुद्धा वाफेतून काढून भरत. तिथे माती दिसली म्हणजे झालंच कल्याण!

कुंड्यांना पाणी घालणाऱ्या गोजराने लपवाछपवी केली नाही. तो तिचा स्वभावच नव्हे.

“मीच टाकली गो बाय, माज्या घरामागच्या वालातली. चिमूट चिमूट. ती कोपऱ्यातली झारं बग कशी पिवली परलीत. माजी सासू नव्या शेतात वाल पेरला का जुन्या वालाची माती टाकायची.”

“सगळ्या कुंड्यांत?”

“मंग! दुजाभाव कशाला?”

संघमित्रा मटकन स्टुलावर बसली. कामोठ्याहून येणारी ही संशोधक पोरगी रागावली असती तर परवडलं असतं. ती रडकुंडीला आली. वालाच्या मुळांत जिवाणू शिरतात, गाठी करून राहतात आणि हवेतला नत्र झाडाला देतात. तिने काही रोपांच्या जनुकांत नेमकी काटछाट केली होती, जिवाणूंची हाक त्यांना ऐकूच येऊ नये म्हणून. मग एकाच जातीचे जिवाणू सगळ्यांना देऊन कोण कसं वागतं ते पाहायचं होतं. आता गोजराच्या मातीतले नाही नाही ते जिवाणू कुंड्यांत घुसले. अख्खा हंगाम पाण्यात गेला.

“मंग पिवल्यांना आल्या का गाठी?”

“नाही मावशी. त्यांना येणारच नाहीत. मीच तसं केलंय.”

“कुनी कितीबी हाका मारल्या तरी?”

“कितीही.”

गोजराने कोपऱ्यातल्या पिवळ्या रोपांकडे पाहिलं. नवरा, वामन, गेल्यापासून घरात बोलायला भिंती तेवढ्या उरल्या होत्या. मुलगा तेजस करंजाड्याला फ्लॅटवर राहायचा. इथे पाणी घालताना ती झाडांशी बोलायची, पिवळ्यांशी जरा जास्तच. वॉचमन चिडवायचा, “मावशी, झाडं उत्तर देतात का?” ती म्हणायची, “तुज्यापरीस बरी देतात!”

संध्याकाळी संघमित्रा प्रयोगशाळेच्या साहेबांशी भांडून आली. “तुम्हाला ठेवतायत. पण घरी मातीत हात घालणारं माणूस आत चालणार नाही म्हणाले. घरामागचा वाल सोडा, मावशी. नाहीतर इथलं काम.”

घरामागचा तुकडा तो केवढा, ओसरीएवढा. बाकी शेती कारखान्यांखाली गेली, तेव्हा वामनने तेवढा राखला होता. शेंगा आता भरल्या होत्या. पोपटी लावायचे दिवस: मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, त्यात वालाच्या शेंगा, वर जाळ, आणि जाळाभोवती घरची माणसं. गोजराने तेजसला फोन लावला.

“रविवारी पोपटी लावू? उन्नतीला आन. नातीला बगून लय दिवस झालं.”

“आई, टाइम कुठाय? इथे सोसायटीच्या खालीच गाडीवर मिळते पोपटी. तू उगाच त्या शेंगांचं टेन्शन घेऊ नको.”

“बरा,” ती म्हणाली. दुसरं काय म्हणणार?

दुसऱ्या दिवशी तिने शेजारच्या यशोदाबाईला बोलावून वालाचा तुकडा दाखवला. “शेंगा तू काढ. पुढं पेरायचा का नाय, तूच बग.”

“येडी झालीस काय गो? वामनदादाची शेवटची जमीन ही!”

“मना बोलाला कोनतरी पायजे, यशोदे. काचघरातला काम सोरला तं कोनाशी बोलू?” गोजरा म्हणाली आणि तिला रडू फुटलं.

नवी रोपं लावली तेव्हा काचघराबाहेरच्या नळावर ती ब्रशने नखं घासत उभी राहिली. खूप वेळ घासली. संघमित्राने तिचे हात उजेडात धरले, उलटसुलट पाहिले. जन्मभर नखांखाली असलेली काळी रेघ गेली होती.

“स्वच्छ आहेत, मावशी.”

“हां गो बाय. आता कायच नाय राला.”

तिने झारी भरली. कोपऱ्यात ती रोपं होती, ज्यांना गाठी येणार नव्हत्या. गोजरा आधी त्यांच्याकडे गेली.