पाहुण्याचं बाकडं

सोवाकाकांनी लॅपटॉप उलटा केला, बोटाच्या पेराने दोनदा ठोकला, पोकळ लाकूड गळ्यात मारल्यासारखं तोंड केलं आणि ओदोईला परत दिला.

"हा नको. या आकाराच्या पेटीतून मी चार जण पाठवलेत. दोन बँकवाले, एक पाद्री, एक लॉटरीवाला. त्या लॉटरीवाल्याला तर तो चालूही करता येत नव्हता."

समुद्रकाठच्या टेशी गावात माणूस आपल्या धंद्याच्या आकारात पुरला जातो, आणि त्या शवपेट्या सोवाकाकांनी कराव्यात. एका कोळणीसाठी केलेल्या लाकडी तांबोशी माशामागे अकरा मांजरं दफनभूमीपर्यंत चालत गेली होती. एका ड्रायव्हरच्या लाकडी ट्रकला पोलिसांनी चौकात अडवून कागदपत्रं मागितली, तेव्हा आतल्या माणसाने बराच वेळ उत्तर दिलं नाही म्हणून ते चिडलेही होते. हे खोटं म्हणणाऱ्याला काका त्या अकरांपैकी एक मांजर दाखवत.

पण लारियापाशी त्यांचा रंधा अडला होता. लारिया आणि ओदोई पंधरा वर्षं एकाच ऑफिसात शेजारी बसून वेबसाइट बांधत होते. महिन्यापूर्वी लारिया तापाने गेला, एकेचाळिसाव्या वर्षी. शनिवारी दफन होतं. आज मंगळवार उजाडला तरी पेटीला आकार सापडला नव्हता.

लारियाची आई देदेई मावशी दारातच बसली होती.

"त्याचा बाप होडीतून गेला. आजा मक्याच्या कणसातून गेला. माझा लेक काय नुसत्या खोक्यातून जाणार? काही न करणारे जातात खोक्यातून."

"खोकं नाही करणार गं. पण हा सांगत नाही ना, तुझा लेक करायचा काय ते!"

"सांगितलं की काका. वेबसाइट बांधायचा."

"मग दाखव एखादी."

ओदोईने फोन काढला. हॉटेलची पाडून दुसऱ्या कुणी तरी नवी बांधली होती. बर्फाच्या कारखान्याची उघडलीच नाही. मासळीबाजाराची लारियाने तीनदा, संगणकाच्या तीन निराळ्या भाषांत बांधली होती. आता त्या पत्त्यावर भलत्याच माणसाची निघाली.

"होत्या," ओदोई म्हणाला आणि फोन खिशात ठेवला.

"बरं, हत्यार सांग. सुताराचा रंधा, कोळ्याचं जाळं. तुमचं काय?"

"हत्यारं टिकत नाहीत. वर्ष झालं नाही की नवं येतं. शिकायचं, नाहीतर घरी बसायचं. माझीच सोमवारी परीक्षा आहे एका नव्याची."

"पंधरा वर्षं झाली आणि अजून परीक्षाच? तुमचा गुरू मेलाय की काय शाळा सोडायला विसरून?"

मावशी उठली, घरी गेली आणि एक पत्र्याची पेटी डोक्यावर घेऊन आली. आत वह्या होत्या. सतरा. लारियाने दर नव्या हत्याराला एक वही घातली होती. चाळीस पानांपुढे एकही गेली नव्हती.

"पुढचं कोरं का?" काकांनी विचारलं.

"तोवर पुढचं हत्यार यायचं."

काकांना वाचता येत नव्हतं, पण डोळा सुताराचा होता. त्यांनी सगळ्या वह्यांची पहिली पानं फळीवर शेजारीशेजारी उघडून ठेवली आणि पेन्सिलीचं टोक एका पानावरून दुसऱ्यावर नेत राहिले.

"बाकी सगळं वेगळं. ही ओळ मात्र सतराही ठिकाणी तीच आहे. काय लिहिलंय?"

ओदोई जरा ओशाळला.

"ती रीत आहे आमच्यातली. नवी भाषा घेतली की यंत्राकडून पहिल्यांदा एवढंच वदवून घ्यायचं. 'नमस्कार, जगा.'"

"सतरा वेळा केला नमस्कार?"

"सतरा."

"मग जग काय म्हणालं?"

ओदोई हसायला गेला, पण मावशी त्याच्याकडेच बघत होती. तिलाही ऐकायचं होतं.

"जग काही म्हणत नाही, काका. आपण पुढची ओळ लिहायची."

काकांनी वह्या एकेक करून मिटल्या.

"आमच्या दारात कुणी नमस्कार केला, तर आधी त्याला बैस म्हणतात. मग पाणी. काय काम काढलंस, ते नंतर." त्यांनी कानावरची पेन्सिल काढली. "मावशी, उंची किती गं त्याची?"

"बाकडं करताय?" ओदोई म्हणाला. "अहो, तो दिवसभर बसूनच असायचा."

"ते बसणं नव्हे."

शनिवारी पेटी निघाली. पाहुण्यांसाठी दारात असतं तसलं लांब बाकडं, बसून बसून मधे झिजल्यासारखं घडवलेलं, एक पाय किंचित आखूड. वाटेत दोन दमलेल्या म्हाताऱ्या त्यावर टेकल्याही, आणि ओरडा झाल्यावरच उठल्या. मावशीने झिजल्या जागेवर हात फिरवला.

"बसला एकदाचा," ती म्हणाली.

मांडवात ओदोईचा फोन थरथरला. ऑफिसचा निरोप होता. सोमवारची परीक्षा रद्द. ते हत्यार ऑफिसने सोडलं. बुधवारी दुसऱ्याची.

"बैस जरा," सोवाकाकांनी शेजारची खुर्ची पुढे ओढली.

"नको काका. बुधवारच्या आत शिकायचंय."

त्याने उभ्याउभ्याच लारियाचा फोटो छापलेलं पत्रक उलटं केलं, पाठीमागच्या कोऱ्या जागेवर तीच नमस्काराची ओळ लिहिली आणि तिच्याकडे बघत राहिला.

काकांनी त्याला डोक्यापासून टाचेपर्यंत एकदा न्याहाळलं. घरी गेल्यावर त्यांनी बाकड्याचे साचे चुलीत घालायला काढले होते ते उचलले आणि परत माळ्यावर ठेवले.