वाणगावचा हॉर्न

माझ्या माहेरी वाणगावला आणि सासरी नरपडला एकाच मॉडेलची गाडी होती. माहेरची निळी, सासरची पांढरी. लग्न जमताना दोन्हीकडच्या मंडळींना हा शुभशकुन वाटला. ते मॉडेल बंद होऊन बरीच वर्षं झाली होती आणि त्याचे सुटे भाग बाजारातून नाहीसे होत चालले होते, याचा विचार कोणी केला नाही. मीही केला नाही.

पहिल्यांदा गेला तो डावा आरसा. पप्पांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, गाडी आमच्या चिकूच्या वाडीच्या कुंपणाला घासली. आरसा डहाणूत मिळेना, वापीतही मिळेना. माझ्या वडिलांनी, दादांनी, फोनवर ऐकलं आणि म्हणाले, "आमचा घेऊन जा. आमची गाडी काय, उभीच असते." ती उभी नसायची. दादा दर रविवारी तिच्यातून बाजारात जात. पण मुलीच्या सासरच्यांना नाही म्हणायचं नसतं. मग वायपरची मोटर गेली, मग रेडिएटर. रेडिएटर दिल्यावर मात्र निळी गाडी खरोखरच उभी राहिली. शेवटी हॉर्न. हॉर्न कुठलाही चालला असता, पण पप्पांना मूळ आवाजच हवा होता. लहानपणी तो आवाज दारात आला की आम्ही भावंडं अभ्यास टाकून पळायचो.

डहाणूचा मेकॅनिक जिव्या दोन्ही गाड्यांचं काम करायचा. एकदा म्हणाला, "ताई, लग्नात दिलं नसेल एवढं सामान तुमचे दादा आता देतात."

मे महिन्यात मला तलासरीच्या एका ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची नोकरी मिळाली. एमएस्सी झाल्यापासून मी घरीच होते. प्राचार्याबाईंची अट एकच होती. "प्रॅक्टिकल पाचपर्यंत चालतात. अर्ध्यातून उठून जाणारी बाई मला नको. आधीच्या तशाच गेल्या."

पाचनंतर डहाणूकडे येणारी एसटी कधी असते, कधी नसते. हायवेवर स्कूटर नको, अंधारात जीपने येणं नको, असं घरात ठरलं. नेमकं कोणी ठरवलं ते सांगता येणार नाही. पांढरी गाडी मागण्यात अर्थ नव्हता. "जुन्या गाडीला एकच हात लागला पाहिजे," असं पप्पा म्हणत. माझ्या नवऱ्याला, धनेशलाही, ती कधी मिळाली नव्हती, त्यामुळे त्याला यात काही वावगं दिसत नसे.

दादा म्हणाले, "निळी ने. तिच्यावरच तर शिकलीस." जिव्याने पट्ट्या वेल्ड करून तिला दुसऱ्या गाडीचा रेडिएटर बसवला, साधा आरसा लावला आणि वाणगावच्या अंगणात मला चावी फिरवायला सांगितलं. गाडी सुरू झाली. दादा इंजिनावर हात ठेवून उभे होते, एखाद्या गुराच्या पाठीवर ठेवावा तसा.

त्याच आठवड्यात पांढरी बंद पडली.

डिस्ट्रिब्युटर गेला होता. प्रत्येक सिलिंडरला ठरलेल्या क्रमाने ठिणगी पोचवणारा हा भाग. त्याचा दांडा इंजिनातल्या दातांत नेमका बसावा लागतो, त्यामुळे दुसऱ्या मॉडेलचा चालत नाही. जिव्याने मुंबईपर्यंत फोन केले. संध्याकाळी आमच्या ओट्याला टेकून पप्पांना म्हणाला, "रतनशेठ, नाही मिळत. नवा नाही, भंगारातही नाही."

"वाणगावला आहे की," पप्पा म्हणाले.

जिव्याने माझ्याकडे पाहिलं. मी चहाचे कप उचलत होते.

"पप्पा, ती गाडी मी कॉलेजला नेणार आहे."

"अगं, मग अडलंय कुठे? ही चालू झाली की मीच सोडीन तुला. रोज."

"नशीबवान आहेस," सासूबाई आतून म्हणाल्या. "मला कधी दवाखान्यात नाही सोडलं यांनी."

"पण प्रॅक्टिकल पाचला संपतं, आणि तुमचा चारचा चिकूचा टेम्पो…"

"बघू गं ते." पप्पांनी फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला. "व्याहीबुवा, एक काम होतं."

दादांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "विनी आहे का तिथे?"

"ही काय, समोरच आहे."

"विनी, तू काय म्हणतेस?"

धनेश झोपाळ्यावर होता. सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. जिव्या आपल्या चपलांकडे बघत होता.

"दादा, देऊ नका," मी म्हणाले.

फोनमधून वाणगाव स्टेशनातून जाणाऱ्या मालगाडीचा आवाज येत राहिला. मग दादा हसले. मला ठाऊक असलेलं त्यांचं हसणं ते नव्हतं.

"भाऊ, मनावर घेऊ नका. लाडात वाढलीय. उद्या जिव्याला पाठवा."

"मनावर कसलं," पप्पाही हसले. "आमचीच आहे ती."

दुसऱ्या दिवशी जिव्याच्या टेम्पोतून मीही वाणगावला गेले. दादांनी डिस्ट्रिब्युटर आधीच काढला होता. पेट्रोलने धुऊन, वर्तमानपत्रात गुंडाळून ओटीवर ठेवला होता. माझ्याकडे न बघता म्हणाले, "तिथे तुला राहायचंय, विनी. मला नाही."

परतताना ते पुडकं माझ्या मांडीवर होतं.

"ताई, रस्त्यात पडला म्हणून सांगू?" जिव्याने विचारलं.

"नको. त्यांना वाटेल दादांनीच दिला नाही."

पप्पा शब्दाला जागले. ते मला रोज सोडतात. मागच्या सीटवर बसवतात, कारण पुढच्या सीटवर वाडीचं सामान असतं. सुरुवातीला नुसती थिअरी होती. पप्पा तीनला न्यायला येत, कारण चारला चिकूचा टेम्पो भरायचा असतो. पहिलं प्रॅक्टिकल आज होतं. सकाळी मी पुन्हा सांगितलं, "आज पाच वाजतील." ते म्हणाले, "बघू."

तीन वाजता फाटकाशी हॉर्न वाजला. माझे पाय क्षणभर दाराकडे वळले. त्या आवाजाची ती जुनी सवय आहे.

टेबलाशी शितल नावाची मुलगी टायट्रेशन करत होती. आम्लात ब्युरेटमधून अल्कली सोडायचं. गुलाबी रंग येतो, फ्लास्क हलवला की जातो. तो टिकला की थांबायचं.

प्रयोगशाळेतल्या पुष्पाताई आत आल्या. "मॅडम, गाडी आली तुमची."

"त्यांना सांगा, प्रॅक्टिकल पाचला संपतं. टेम्पो असेल तर जाऊ दे त्यांना. मी माझी येईन."

"कशाने येणार?"

मी शितलच्या ब्युरेटची तोटी जरा आवळली. पुष्पाताई निरोप द्यायला गेल्या. हॉर्न पुन्हा वाजला, या वेळी लांब.

"मॅडम, तुम्हाला जायचंय का?" शितलने विचारलं.

"नाही. तू फ्लास्ककडे बघ. आता एकेक थेंब."

बाहेर गाडी सुरू झाली. चारही सिलिंडर एका लयीत चालत होते. दादांनी डिस्ट्रिब्युटर चांगला धुतला होता. आवाज हायवेकडे वळला आणि ट्रकांच्या आवाजात मिसळून गेला. शितलच्या फ्लास्कमध्ये रंग आला आणि गेला. पाचनंतर एसटी आहे का, ते मी अजून कोणाला विचारलं नव्हतं.