महागू पाणकराची हाक

"दोन वीत खाली," माझ्या बापानं सांगितलं आणि पाटाच्या काठावर बसकण मारली.

पाणी समोर होतं, पण माळाच्या पायथ्याशी. आमचं धान होतं वर, माळावर. सात घरांनी अख्खा उन्हाळा मरमर मरून पाऊण मैल पाट खोदला आणि पावसाळा सरताना पाणी सोडलं, ते आलं शेताच्या पायाशी. सातांतल्याच एका घरच्या पुनारामकाकानं कुदळ फेकून दिली. आई काहीच बोलली नाही, आणि मला त्याचीच जास्त भीती वाटली. माझी आई गप्प बसली असं वर्षातून एखाद्या वेळी घडतं.

मी सरिता, गावच्या अंगणवाडीची बाई. माझा बाप महागू, खैरलांजीकडच्या आमच्या गावचा पाणकर. तलावाचं पाणी पाळीपाळीनं ज्याच्या त्याच्या बांधीत पोचवायचं, हे त्याचं तेवीस वर्षांचं काम. बांधी म्हणजे चहूबाजूंनी बांध घातलेलं धानाचं शेत. पाणी पोचलं की पाणकरानं धन्याचं नाव घेऊन हाक मारायची, आणि धन्यानं बांधीतून 'हौ' म्हटल्याशिवाय पुढच्याचं पाणी सोडायचं नाही, अशी गावची रीत. माझ्या बापाची हाक नदीपलीकडे ऐकू जायची म्हणतात. अर्थात, हाकेत नाव नेहमी दुसऱ्याचंच. स्वतःची बांधी असायला जमीन हवी ना!

ती मिळाली चौऱ्याण्णव साली. आमच्या बौद्धवाड्यातल्या सात घरांना माळावरच्या सरकारी जमिनीचे पट्टे मिळाले. निव्वळ मुरूम तो. आम्ही फोडला, खालून माती वाहून नेली, बांध घातले. दोन वर्षं धान पोटरीवर, लोंबी फुटायच्या बेतात आलं आणि पाऊस गेला की उभ्या उभ्या वाळलं. मग माझा भाऊ पवन म्हणाला, पुरे झाला हा खेळ, मलाजखंडच्या तांब्याच्या खाणीवर ठेकेदार माणसं घेतो आहे, सगळेच जाऊ. घरात ठरलं की याही वर्षी धान वाळलं तर दिवाळीनंतर गाव सोडायचं आणि बापानं पाणकराची काठी दुलीचंदभाऊंच्या हाती परत द्यायची.

दुलीचंदभाऊ तलावाच्या समितीचे मुख्य. माणूस वाईट नाही, पण माळावर पाणी नेतो म्हटल्यावर त्यांना हसू आवरेना. "पाणी कुठी चढते का गा, महागू?" म्हणाले. बापानं सांगितलं की चढवायचं नाहीच, तलाव भरला की पाणी माळापेक्षा दोन हात उंच असतं, फक्त ती उंची वाटेत सांडू द्यायची नाही. बरं, आमच्या पाळ्या झाल्यावर ने, असं म्हणून भाऊंनी तलावाच्या पारीच्या, म्हणजे बांधाच्या, टोकाला नळी बसवू दिली. आणि त्या उंचीची वाट लावली कुणी? माझ्याच बापानं.

पाटाच्या काठावर बसल्याबसल्या त्यानं पाण्यात हात घालून त्याची ओढ बघितली. मग म्हणाला, "तेवीस वर्स लोकायनं माह्या मागं घाई लावली. लवकर आण, लवकर आण. माह्या हाताले तेच वळण पडलं. पाटाले उतार जास्त देल्ला मी."

दुसरा कुणी असता तर दोष नशिबाला दिला असता. मला त्या क्षणी बापाचा राग आला आणि अभिमानही वाटला, दोन्ही एकदम.

आईला तेव्हा कंठ फुटला. "मंग बसले काहून? उठा."

धान पोटरीत होतं. फार तर बारा दिवस त्यानं दम धरला असता. बापानं पुन्हा नळीपासून सुरुवात केली, जुन्या पाटाच्या वरच्या अंगानं. पावसानं माती मऊ झाली होती, आणि सातही घरं दिवसरात्र राबत होती. वीस पावलं खोदायचं, पुढं मातीचा आडवा बांध घालायचा आणि हातभर पाणी सोडून ते संथ होऊ द्यायचं. संथ झालेलं पाणी कडेला आपली रेघ मारतं. बाप उकिडवा बसून ती रेघ बघायचा आणि पुढच्या वीस पावलांना फक्त अर्धं बोट उतार द्यायचा, जास्त नाही. पवन वैतागून म्हणाला की याच्या आधी मुंगी पोचेल. बाप म्हणाला, पोचू दे, तिच्या मागोमाग आपण.

अंगणवाडी सुटली की मीही टोपली उचलायची. हाताला फोड आले, फुटले, पुन्हा आले. दुलीचंदभाऊ रोज छत्री घेऊन बघायला यायचे. आधी हसायचे, नंतर स्वतःच वाकून पाण्याची रेघ बघू लागले.

अकराव्या दिवशी, जेवणं झाल्यावर, पाणी माळाला वळसा घालून आलं. बाजारातून ओझं घेऊन येणाऱ्या म्हातारीसारखं, थांबत थांबत. आमच्या बांधीच्या तोंडाशी आलं, जरा रेंगाळलं आणि आत शिरलं. जमिनीच्या भेगा चुरचुर करत पाणी प्यायल्या. आई पदर तोंडाला लावून रडली. मीही रडले, त्यात काय लपवायचं? दुलीचंदभाऊंनी छत्री मिटली, चपला काढल्या आणि पाटात पाय घालून बघितला. पाणी खरंच आहे ना, याची खात्री करत असावेत.

बाप मात्र फावड्यावर हात ठेवून उभाच. पुनारामकाकाची बांधी आमच्या पुढची. तो ओरडला नाही, साध्या आवाजात म्हणाला, "हाक मार गा. माही पाळी अडून राह्यली."

बापानं घसा खाकरला. मग कानाशी हात नेला आणि नदीपलीकडे जाणारी ती हाक मारली, "महागूऽऽ, तुह्या बांधीत पाणी आलं गाऽऽ!"

पवन उत्तर देणार होता, आईनं त्याचा हात धरला.

बापानं फावडं खाली ठेवलं. बांधावरून चालत चालत तो पार पलीकडच्या कोपऱ्यात गेला, जिथं धनी उभा राहतो तिथं. धानात उतरला. घोट्यापर्यंत पाणी आलं होतं. तो वळला, आत्ता जिथं पाणकर उभा होता त्या जागेकडे बघितलं आणि म्हणाला, "हौ."

मग तसाच ओल्या पायांनी परत आला, फावडं उचललं आणि पुनारामकाकाचं पाणी सोडलं.