बारा महिन्यांचं भाडं

"अहो काका, जिन्यापाशी काय बघताय? फ्लॅट वर आहे!" एजंट पायऱ्यांवरून ओरडला.

"फ्लॅट माझी बहीण बघतेय. मी मीटर बघतो."

तीस वर्षं वीज कंपनीसाठी घरोघरची मीटरं वाचून निवृत्त झालेला माणूस. त्याला दुसरं काय सुचणार? एजंटाने दिलेला हिशेबाचा कागद त्याने भिंतीला टेकवला आणि पेन काढलं.

भाडे: पंधरा हजार गुणिले बारा महिने.

मीटर चोवीस. घर वापरात असलं की मीटरचा लाल दिवा लुकलुकतो. कुलूप लावून माणसं कामावर गेली तरी फ्रिज कुठे कामावर जातो? इथे नऊ दिवे थंड होते. त्या नऊ मीटरांखाली तीन-तीन महिन्यांची बिलं खोचलेली, एकही न उघडलेलं.

"आज रिकामी असतील हो," एजंट खाली आला. "आमच्याकडे भाडेकरूंची रांग असते."

"मग ती रांग जरा पुढे सरकवा की. नऊ घरं ताटकळली आहेत."

फ्लॅट पाहून जिना उतरत आलेली बहीण खुदकन हसली आणि मधल्या वळणावरच थांबली. ती नर्स. उभं राहून राहून गुडघे कामातून गेलेले. भाड्यातून महिन्याला बारा हजार सुटले तर ती नोकरी सोडणार होती. त्यासाठी सगळी पुंजी ओतून हा एक फ्लॅट विकत घ्यायची तिची तयारी होती.

खर्च: काही नाही.

"मेंटेनन्स किती हो?" त्याने दारातल्या वॉचमनला विचारलं.

"दोन हजार."

"घर रिकामं असलं तरी?"

"रिकाम्या घराला काय माफी असते?"

त्याने 'काही नाही' खोडलं. बाराही खोडले. चोवीसात पंधरा घरं भरलेली, म्हणजे बारात साडेसात महिने. त्यातून वर्षाचा मेंटेनन्स वजा. रंग, नळ, दुरुस्ती वजा. राहिलेल्याला मात्र बाराने भागायचं, कारण पोट बाराही महिने असतं.

"साडेसहा हजार," तो म्हणाला.

"काका, तुम्ही फारच निगेटिव्ह बोलता."

"मी बोलतच नाही. वाचून दाखवतोय."

बहीण मात्र चिडली. "दादा, तुला कधी एखादं घर पसंत पडणार? दोन वर्षांत हे सहावं!"

"सहाही कागदांवर बारा महिनेच लिहिले होते, छोटे."

"आणि तुझं चुकत असेल तर?"

"चल, मोज. माझ्याबरोबर मोज."

ती वाकली. कठड्यावरून खाली बघत एकेक लुकलुकता दिवा मोजू लागली. बोटं मिटत गेली, उघडत गेली. पंधरावर येऊन थांबली. पुन्हा पहिल्यापासून मोजले. पुन्हा पंधरा.

"किंमत निम्मी कराल?" तिने एजंटाला विचारलं.

एजंट नुसताच हसला.

"मग नको." तिने पर्समधून फोन काढला. "सिस्टर, मी बोलतेय. सोमवारपासून ड्यूटीवर माझं नाव लावा. नाही, नाही, सोडत नाहीये. वरचा वॉर्ड? चालेल की."

फोन ठेवून तिने साडीच्या निऱ्या सारख्या केल्या. त्याने खालून हात पुढे केला.

"असू दे," ती म्हणाली आणि कठडा धरून, आधी उजवा पाय मग डावा, प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवत खाली आली.