अर्धायुष्याचं औक्षण

या, अशा जवळ या. सतरंजी मोठी आहे, आणि सांगणार आहे ती गोष्टही पाय मोडून निवांत ऐकावी अशीच आहे. आमच्या इंदिरानगरच्या देवळातली, यंदाच्या कीर्तन-सप्ताहातली.

कीर्तनकार योगिनीताईंचा पूर्वरंग संपला होता. त्यांचा आवाज थांबला तरी पेटीचा सूर तसाच तरंगत राहिला. मला तर वाटलं, देऊळच हलकं झालंय आणि उदबत्तीच्या धुरावर बसून हळूहळू गोदावरीकडे निघालंय. मध्यंतरात बुवांना, ताईंना बुक्का लावायचा, हार घालायचा, ही रीतच. या खेपेला त्याच वेळी तेजस्विनीचा सत्कार करायचं ठरलं होतं.

तेजस्विनी म्हणजे मखमलाबादच्या मळ्यात शेवंती पिकवणाऱ्या कुसाबाईची लेक. अणुरसायनशास्त्रातल्या संशोधनासाठी तिला दिल्लीत मोठा पुरस्कार मिळाला. "शाल नको, नारळ नको," तिनं आम्हाला आधीच सांगितलं होतं. "आईनं औक्षण करावं, एवढंच."

आणि आई खांबाआड. सप्ताहाचे सगळे हार तिच्याच हातचे. पण तिचा नवरा चिमाजी ऐन उमेदीत गेला, तेव्हापासून तिनं ओवाळायचं ताम्हण हातात धरलं नव्हतं. त्यात देवळाबाहेरचा फळा. तो लिहिणाऱ्या आमच्या दिनेशनं जागा पुरेना म्हणून मधलाच शब्द गाळला होता: 'अर्धायुष्य तेजस्विनी यांचा सत्कार'.

"मेल्या, लोक चिरंजीव लिहितात!" मी त्याला म्हटलं.

"काकू, 'अर्धायुष्य मोजणाऱ्या' लिहायचं होतं. फळाच संपला."

बायका हसल्या. कुसाबाई हसली नाही.

"म्या नाय ओवाळायची," ती म्हणाली. "ह्यांचं अर्ध्यात सरलं, ते माज्या पायगुणानं म्हनत्यात. आता लेकीच्या नावाम्होरं तेच लिवलंय. माजी सावली नको तिच्यावर."

तेजस्विनी पाटावरून उठून खांबाशी आली. "आई, ते अर्धायुष्य माझं नाही गं. पदार्थाचं असतं. त्यात बारीक बारीक कण असतात, ते आपोआप फुटून वेगळेच होऊन जातात. ठरलेल्या वेळात त्यातले अर्धे जातात, अर्धे राहतात. पुन्हा तेवढ्याच वेळात राहिलेल्यांतले अर्धे. ती वेळ मी मोजते."

"मंग कोन कवा जानार, ते कळत आसंल तुला."

"नाही. एकट्याचं कुणालाच कळत नाही. मलाही नाही."

कुसाबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. "आन् शेजारच्यानं काय वंगाळ केलं आसंल तर?"

"त्यानं काही होत नाही. एखादा आधी जातो, एखादा मागं राहतो. त्यात शेजारच्याचा दोष नसतो, आई."

"नसतो?"

"नसतो."

"बायकूचाबी?"

तेजस्विनीला हसूही आलं आणि डोळेही भरले. "बायकोचा तर नाहीच नाही."

पेटीवाल्यानं बोट उचललं नव्हतं. तो एकच सूर सगळ्या देवळात भरून राहिला होता, आणि दिव्यांच्या उजेडात माणसांच्या कडा विरघळल्यासारख्या दिसत होत्या. कुसाबाई त्यातून चालत आली, पाण्यातून यावं तशी. ताम्हण सप्ताहाची व्यवस्था बघणाऱ्या यशोदाबाईंच्या हातात होतं. त्या जरा घुटमळल्या, "रीत नाही हो..." एवढं पुटपुटल्या. योगिनीताईंनी त्यांच्या हातातून ताम्हण घेतलं आणि कुसाबाईच्या हातात दिलं.

तिनं लेकीला कुंकू लावलं, अक्षता टाकल्या, ओवाळलं.

"औक्षवंत हो, बाई," ती म्हणाली. माउलीशपथ सांगते, तेव्हा गाभाऱ्यातला विठ्ठलही मला जरा पुढे वाकल्यासारखा दिसला.

उत्तररंगात कुठलं आख्यान झालं, ते विचारू नका. मी कुसाबाईकडेच बघत बसले होते. तुमच्या घरी वाढदिवसाला, पाडव्याला निरांजन लागेल, तेव्हा एखादी बाई मुकाट्यानं मागे सरेल. त्या वेळी आमच्या कुसाबाईची आठवण ठेवा, आणि ताम्हण आधी त्या बाईच्या हातात द्या.